तिसऱ्या कोपऱ्याचा दोर

४ मार्च

सकाळी सव्वादहाला तिसरा कोपरा बिनसला.

आईच्या जहाजाचा. कामावर असं म्हणायचं नाही, 'सतरा नंबर' म्हणायचं. पण इथे वहीत कोण बघतंय! आईचंच जहाज. अंतराळातून बर्फ भरून परत निघालंय. दोन माणसं आणि सहाशे मीटरचं शीड – कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. चार कोपऱ्यांना चार दोर. दोर ओढायचे, सैल सोडायचे, शीड सूर्याकडे तिरकं धरायचं. ऊनच त्याला ढकलतं, ऊनच त्याचा वेग कमी करतं. आज तिसरा दोर कप्पीत अडकला. ना पुढे, ना मागे.

हुकूम तीनदा पाठवला. जायला चौदा मिनिटं, उत्तर यायला चौदा. शेवटच्या खेपेला लिहिलं – दोराची आतली चक्री हाताने फिरवून बघा. उत्तर आईचं: "हलत नाही."

बस्स. दोन शब्दांत भागत असेल तर ती तिसरा खर्च करणार नाही.

५ मार्च

जहाज स्वतःभोवती फिरायला लागलंय. एक कोपरा ढिला, म्हणून उन्हाचा रेटा दुसऱ्या बाजूला जास्त. काल नऊ तासांत एक फेरा होता, आज सहा. असंच वाढत गेलं तर शीड फाटणार.

त्यात अँटेना. ती एका फेऱ्यात वीसेक मिनिटंच आपल्याकडे तोंड करते. एका फेऱ्यात विचारायचं आणि पुढच्या फेऱ्याची वाट बघत नखं खायची.

मोठेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "आई आहे तुझी. दुसऱ्या कुणाला बसवू का खुर्चीवर?"

"नको."

"हात थरथरले तर?"

"थरथरले तर सांगेन."

बाहेर येऊन बघितलं. थरथरत होते. नाही सांगितलं.

६ मार्च

दिवसभर मीटिंग. चहाचे कप मोजले तर शरम वाटेल. शेवटी दोनच रस्ते उरले.

शीड कापून टाकायचं. फिरणं थांबेल, पण वेगही कमी होणार नाही. जहाज आपल्या शेजारून निघून जाईल, मग ओढून आणायला दुसरं छोटं जहाज, टग, मागे लावायचं. त्याला गाठायला साडेपाच ते सात महिने. हवा आहे सहा महिन्यांची.

नाहीतर कुणीतरी बाहेर जायचं. शिडाच्या चारशे मीटर लांब दांडीवरून सरकत, थेट कोपऱ्यापर्यंत, आणि कप्पी हाताने मोकळी करायची. दोर ताठ ताणलेला आहे. सुटला की उसळणार. समोर माणूस आहे की खांब, ते दोर बघत नाही.

आमच्याकडे एकजण आहे, सगळे त्याला गणितीच म्हणतात. त्याला कोपऱ्यात गाठून विचारलं, टगचं खरं काय ते सांग. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, "छापा की काटा. त्याहून जास्त मला विचारू नकोस."

७ मार्च

मिस्त्रीची बायको आली होती. मिस्त्री म्हणजे जहाजावरचा दुसरा माणूस, यंत्रं बघतो. रेडिओवर सारखे विनोद सांगतो, त्यातले निम्मे तेच तेच. गेल्या महिन्यात मला म्हणाला होता, "तुमच्या मातोश्री आज हसल्या! तारीख लिहून ठेवा."

वहिनी सकाळपासून स्वागतकक्षात बसून होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मला बघितल्यावर उठल्या.

"ताई, खरं सांगा. ह्यांना बाहेर नाही ना पाठवणार? घरी पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी गरगरतं त्यांना."

"वहिनी, तुमचा माणूस आत बसणार. वेळ आलीच तर माझी आई जाईल. चाळीसदा गेलीये ती बाहेर."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि रडायलाच लागल्या. मला वाटलं, सुटकेचं रडू. तर म्हणतात कशा – "मग तुमचं काय हो, ताई?"

डबा न खाताच परत आणला. नवऱ्याने तसाच रिकामा करून धुऊन ठेवला.

८ मार्च

वरून निर्णय आला. शीड कापा.

हुकूम मीच टाइप केला. माझ्याच हाताने पाठवला. फेरा आता साडेचार तासांवर आलाय.

पुढच्या फेऱ्यात यंत्रांचे आकडे आले. आईचं उत्तर नाही.

त्याच्या पुढच्या फेऱ्यातही नाही.

९ मार्च

फेरा साडेतीन तास. शिडाच्या कडेला चीर पडलीय, चार मीटरची. दुर्बिणीतून दिसत नाही, पण आकड्यांत दिसते.

अकरा चाळीसला निरोप आला. कामाच्या खात्यात नाही, माझ्या खाजगी खात्यात.

"बाहेर जावं का? तुझं मत सांग."

दहादा वाचला. आपली आई! जिने जन्मात कुणाचं मत विचारलं नाही. मला कुठल्या शाळेत घालायचं ते तिने ठरवलं. घर विकायचं तिने ठरवलं आणि आम्हाला सांगितलं. बाबा गेले तेव्हा एक ओळ आली होती: "येता येत नाही. तू सगळं नीट कर." तेव्हाही ती अशीच कुठेतरी सूर्याच्या पलीकडे होती. खरंच येता येत नव्हतं, मलाही कळतं. तरी दोन वर्षं मी तिच्याशी फक्त आकडे बोलले. दोराचे, शिडाचे, वेगाचे.

आणि आज – तुझं मत सांग.

पुढच्या फेऱ्यात उत्तर पोचवायचं तर आता अकरा मिनिटं उरली होती. गणितीकडे धावले. त्याने कागद माझ्याकडे फिरवला. रात्रभर जागून नवा हिशेब केला होता. टगचे दिवस कमी झाले नव्हते. उलट चार वाढले होते.

"हे वर दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, हुकूम गेलाय."

खुर्चीवर येऊन बसले. "जा" टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं. "जा. दोर सुटताना दांडीला चिकटून राहा." चार मिनिटं शिल्लक असताना पाठवलं.

मग उठून सरळ मोठेसाहेबांकडे गेले आणि सांगून टाकलं. ते इतके ओरडले की काचेपलीकडची माणसं वळून बघायला लागली. हुकूम मोडलास! कुणाच्या जिवावर! मी उभीच. शेवटी दमून खाली बसले आणि डोळे चोळत म्हणाले, "मी तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. जा, बस जागेवर. तू उठलीस तर इतका वेळ तिथे बसेल असं दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

पुढच्या फेऱ्यात एकच शब्द आला. "बरं."

१० मार्च

सकाळपासून संपर्क नाही. अँटेना वळायची वेळ आली, गेली. काही नाही.

एकच गोष्ट दिसते – शिडाची चमक. मोठ्या दुर्बिणीचं चित्र समोरच्या पडद्यावर लावलंय. एक ठिपका. शीड आपल्याकडे वळलं की उजळतो, कड वळली की विझतो. फेऱ्याला एकदा उजळणं, एकदा विझणं. सगळी खोली त्या ठिपक्याकडे बघत बसलेली. कुणी खोकलं तरी राग यायचा.

साडेबाराला विझायला हवा होता. विझला नाही.

पाऊण. विझला नाही. गणिती उभा राहिला.

पावणेदोनला विझला. म्हणजे फेरा लांबला! दृष्ट लागेल म्हणून मी क्षणभर नजर खाली घातली. चारला पुन्हा उजळला. पाच वाजले. सहा वाजले. साडेसहा. ठिपका तसाच. मंद नाही, लुकलुकणं नाही, खिळा ठोकल्यासारखा स्थिर!

मग जो गोंधळ झाला! गणितीने कागद वर उधळले. मोठेसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि रुमालात नाक शिंकरत राहिले. चारही कोपरे ताणलेले. शीड वाचलं, जहाज वेळेवर येणार. जहाज थांबलं तेव्हा अँटेना मात्र पाठमोरी राहिली, ती वळवायला त्यांना रात्र लागेल म्हणे. लागू दे!

मी धावत खाली गेले. वहिनी रोजच्या जागी होत्या. मी त्यांना मिठीच मारली. "सुटला! दोर सुटला!"

त्यांनी आधी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"बरीच असणार. माझी आई आहे ती!"

दोघी हसत होतो, रडत होतो. शिपायाने पाणी आणून दिलं.

११ मार्च

सकाळी नऊला आईचा निरोप आला. लिहिलेला नाही, आवाजातला. फार थकलेला आवाज.

"चक्री फिरवताना पहिल्याच दिवशी माझं मनगट मोडलं. कळवलं नाही. मिस्त्री बाहेर गेला. दोर त्याने सोडवला. तो परत आला नाही."

स्वतः जायचं असतं तर तिने मला विचारलंच नसतं.

वहिनी खाली बसल्यात. मोठेसाहेब म्हणाले, मी सांगतो. नको म्हटलं.

उठते.