आवाजापुरती जागा

३ मार्च

ह्यांच्या घशातली गाठ कॅन्सरचीच. एकवीस तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र अख्खं काढणार — म्हणजे आवाज जाणार. येताना सिग्नलला ह्यांनी पुढच्या गाडीवाल्याला नेहमीसारख्या शिव्या हासडल्या. आज मी गप्प करायला गेले नाही.

५ मार्च

आमच्या लहानग्या लेकीसाठी, छकुलीसाठी, ह्यांचा आवाज साठवायचं ठरलं. कॉम्प्युटरपुढे बसून गोष्टी सांगतात. मधेच खोकतात. मी रेकॉर्डिंगमधला खोकला पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. नाहीतर तिला वाटेल, दुसराच कुणी बोलतोय."

९ मार्च

गोष्टीतलं अस्वल नदीत पडलं आणि कॉम्प्युटर म्हणाला — जागा संपली! अख्खी गोष्ट गेली. डिस्क तर अर्धी रिकामी!

१० मार्च

कॉम्प्युटरवाला बघून गेला. भाऊजींनी घरातल्या प्रत्येकाच्या खात्याला जागेची मर्यादा घातलीय. कोटा म्हणतात. आमचा भरला. उरलेली जागा त्यांच्या धंद्याला, गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या शूटिंगसाठी. आणि पासवर्ड फक्त त्यांच्याकडे!

ते शूटिंगला परगावी. फोन केला. "वहिनी, सगळे वाट्टेल ते कोंबून ठेवतात, म्हणून लावलं. पासवर्ड फोनवर नको, त्यात गिऱ्हाइकांचं काम आहे. आलो की बघतो."

"तोवर तुमच्या भावाचा आवाज थांबणार आहे का?"

फोन आपटला मी.

१२ मार्च

कॉम्प्युटरवाल्याने स्वतःची बाहेरून जोडायची डिस्क दिली. तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची पद्धत, इतकी जुनाट, की तिला कोटा ठाऊकच नाही. कुणाचं, किती — काही विचारत नाही. "फक्त एकच फाइल फार मोठी करू नका, ती पेलत नाही." मग गोष्टीचे तुकडे केले. अस्वल पुन्हा पडलं. पण आवाज पहिल्यापेक्षा बसलेला.

१५ मार्च

आज गोष्ट नाही. नुसत्या हाका. छकुलीला — रागाची, लाडाची, जेवायला बोलावण्याची. मग माझं नाव घेतलं आणि अडखळले. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले.

१८ मार्च

भाऊजी आले. खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता कॉम्प्युटरपाशी बसले, सगळ्यांच्या मर्यादा काढून टाकल्या. "वहिनी, मला वाटलं नव्हतं इतकं..." मी चहा ठेवला समोर.

२० मार्च

ऑपरेशन रद्द. कालच्या तपासणीत फुप्फुसांतही पसरलेलं दिसलं, दोन्ही बाजूंना. डॉक्टर म्हणाले, आता घसा कापून उपयोग नाही.

आवाज राहणार आहे.