तक्त्यावरची चौथी ओळ

४ मार्च, सोमवार

निकाल लागेपर्यंत या घरात राजकारणावर कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा हुकूम आज भावजयीने काढला. मला गप्प राहता येत नाही. म्हणून ही वही.

कारण काय – तर सकाळी दुकानात माझं आणि भुंग्याचं जुंपलं. भुंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. साठी उलटली तरी नाव तेच. लहानपणी सारखा गुणगुणायचा. आता मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनपाशी गुणगुणतो. बाबांचं चष्म्याचं दुकान आम्ही दोघं चालवतो. पुढे मी नंबर काढते, मागे तो काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. वर माडीवर तो, भावजय आणि मी. निवडणुकीत तो शिडी चिन्हवाल्यांचा. मी किटलीवाल्या बाईंची. आमच्या भागात खरे उमेदवार हे दोनच, बाकी हौशे-नवशे.

गिऱ्हाईक स्टुलावर, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवलेली, आणि मी हातातली पट्टी तक्त्याऐवजी भुंग्यावर रोखून ओरडतेय – "तुला अर्थसंकल्प कशाशी खातात हे तरी माहीत आहे का?" गिऱ्हाईक बिचारं दबक्या आवाजात म्हणालं, "बाई, ही ओळ मी वाचू, का थांबू?"

भावजय जिना उतरून आली. आवाज चढवला नाही. "वन्सं, पुरे. आणि तुम्हीही पुरे. निकालापर्यंत बंद. नाहीतर मी माहेरी जाते."

माहेरी आता तिचा एक भाचा आणि त्याची मांजरं उरलीत. पण ती जाईल! मी पट्टी परत तक्त्याकडे वळवली.

५ मार्च, मंगळवार

गप्प आहे. त्रास होतो.

७ मार्च, गुरुवार

टेबलावरचा दिवा बदलला. नवाही मिणमिणताच. हल्ली वस्तूंत दम राहिला नाही. वर्तमानपत्राची शाईसुद्धा फिकट. पेपरवाल्याला म्हटलं, "छापता की नुसतं उमटवता?" हसत निघून गेला. मी खुर्ची खिडकीशी ओढली.

बोलायची बंदी, म्हणून भुंगा आता पाठवतो. दिवसभर फोन नाकाला चिकटलेला. नातेवाइकांच्या गटावर सकाळी आधी गुलाबाचं फूल, मग शिडी, शिडी, परत शिडी. 'डोळे उघडणारं सत्य! दहा जणांना पाठवा!' मी राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली. कॉलेजात वादविवादाची ढाल माझ्या हातात होती. आणि मला राज्यघटना शिकवणार कोण – तर हे दहा जणांना पाठवा!

प्रत्येक शिडीला मी सनावळीसकट उत्तर देते. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. तसं भावजयीला विचारलेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

हद्द झाली!

दुकानाचा गिऱ्हाइकांचा वेगळा गट आहे. चष्मा तयार झाला की त्यावर कळवायचं, एवढंच त्याचं काम. भुंग्याने आज त्यावर काय टाकावं? 'चष्म्याच्या दुकानांत पाऊल टाकू नका! हे लोक तुमच्या डोळ्यांत धूळ फेकतात! शिडी आली की सगळ्यांना सरकारी चष्मे फुकट!' पाठवणार कोण – आमचंच दुकान. बाजूला बाबांचा फोटो.

बेकरीवाली बाई धावत आली, "आमचे दोन चष्मे आधी द्या हो, मग काय धूळ फेकायची ती फेका." निवृत्त पोस्टमास्तरांचा फोन – "दुकान विकताय वाटतं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मागच्या खोलीत गेले.

"पाठवायच्या आधी वाचलंस तरी का?"

"वाचलं. म्हणून तर पाठवलं."

"काय होतं त्यात?"

"शिडी."

पुढचं तोंडापर्यंत आलं होतं. पण जिन्यावर पाऊल वाजलं. गिळलं.

९ मार्च, शनिवार

माफी नाही. पण सकाळचा चहा त्याने केला, आणि माझ्या कपात साखर न विसरता कमी घातली.

काच कंपनीचा माणूस नवा तक्ता देऊन गेला. बाबांचा तक्ता फार जुना झाला होता, अक्षरं पार पुसट. काढला, गुंडाळून कपाटावर ठेवला. नवा लावला. बरा आहे. फार काही ठळक नाही.

११ मार्च, सोमवार

शाळेतल्या बाई चष्मा परत घेऊन आल्या. "घातला की जिना हलतो." बघितलं – उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. भुंग्याकडून! या हातांकडून अशी चूक मी जन्मात पाहिलेली नाही.

त्याला पुढे बोलावलं. "बस स्टुलावर."

"मला काय धाड भरलीय?"

"बस."

बसला. मी तक्त्याजवळ पट्टी घेऊन उभी राहिले. चौथ्या ओळीवर ठेवली.

"म, ग, न, ल, प," तो खडाखडा म्हणाला.

बाबांच्या तक्त्याची चौथी ओळ. लहानपणी तिच्या तालावर दोरीवरच्या उड्या मारायचो. भांडणात एकमेकांना शिवी म्हणून तीच. क्षणभर मला त्याचा अभिमानच वाटला – या वयात चौथी ओळ, बिनचष्म्याची!

मग माझ्याच पट्टीखाली बघितलं. नवा तक्ता. ट, क, व, र, ह.

"परत वाच."

"म, ग, न, ल, प!" या वेळी भाषण ठोकल्यासारखं, मोठ्याने.

"भुंग्या. तक्ता बदललाय."

गुणगुणणं थांबलं. डोळे किलकिले करून म्हणाला, "कधी?"

"शनिवारी."

"मग सांगायचं नाही का!"

त्यानंतर बाहेर आलं. गेल्या थंडीपासून डोळ्यांपुढे धुकं आहे. मशीन हाताला कळते, आवाजावरून कळते. काचेची धार बोटाला कळते. फोनवर फक्त रंग दिसतात. "मजकूर कुठे वाचतो, ताई. शिडीसारखं दिसलं की पाठवतो." सांगितलं का नाही? "सांगितलं तर तू मला मशीनवर बसू दिलं असतंस?"

नसतं दिलं. आणि काचा घासणारा नसेल तर दुकान कसलं.

संताप आला. तो राजकारणाबद्दल नव्हता, म्हणजे बोलायची मुभा होती. आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

१२ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तिघंही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा फारच पिकलेला. "अजून थांबलात तर शस्त्रक्रिया अवघड होईल. मग किती दिसेल याची हमी मी देणार नाही." लगेच उद्याची वेळ देत होते.

भुंगा म्हणाला, "मतदान झाल्यावर."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. भावजय त्याला म्हणाली, "तुमची ती शिडी तुम्हाला चढायला दिसणार आहे का पण?" – बंदी तिची, मोडलीही पहिली तिनेच!

एकोणीस तारीख ठरली. मतदानानंतर दोन दिवसांनी. तोवर मशीन बंद. दुकानात इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू येतो.

१४ मार्च, गुरुवार

मशीन नाही म्हणून तो पुढे माझ्याशेजारी बसतो. आज विचारलं, "वाचता येत नाही, तर पाठवतोस कशाला?"

"टिंग वाजावं म्हणून."

"म्हणजे?"

"आत्या एकटी असते. सकाळी फूल पाठवलं की ती काहीतरी पाठवते. टिंग वाजतं. म्हणजे उठली. मग मामा. मग तो पोस्टमास्तर. सगळ्यांचं वाजलं की मला चहा गोड लागतो."

"आणि शिडी?"

"शिडीला तू उत्तर देतेस. लांबलचक. मजकूर दिसत नाही, लांबी दिसते. जेवढं लांब तेवढी तू भडकलेली. म्हणजे तब्येत ठणठणीत."

सनावळ्या! दाखले! टक्केवारी! माझ्या पदवीचं सगळं भांडवल – आणि याने ते तापमापकासारखं वापरलं!

हसू आलं. त्याला दाखवलं नाही. तसंही दिसलं नसतं.

१७ मार्च, रविवार

मतदान.

सकाळी जिन्यातच थांबला. "ताई, मला चिन्हं दिसणार नाहीत. बरोबर कुणालातरी नेता येतं म्हणतात. तू चल."

"बायकोला ने."

भावजय मागून, "मला नको. मी कुणाला देते हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं."

"ऐकलंस? हिच्या मनात कोण आहे ते देवालाच ठाऊक," भुंगा म्हणाला. "तुझ्या मनात कोण ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. उघड विरोधात असतं ते माणूस फसवत नाही. तूच चल."

शाळेची खोली. टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुमचं मतदाराशी नातं?"

"विरोधक," भुंगा म्हणाला.

अधिकाऱ्याने मान वर न करता 'बहीण' लिहिलं. मत गुप्त ठेवीन अशी माझ्याकडून शपथ घेतली, सही घेतली. आधी माझं मत दिलं, मग त्याला हाताला धरून आडोशाला नेलं. तिथे उजेड कसला तो नाहीच. चिन्हं तर इतकी फिकट छापलेली – सरकारी छपाई! पण क्रम मला पाठ होता. किटलीवाल्यांनी मतपत्रिकेचा नमुना फोनवर पाठवला होता, तो चांगला घोकून ठेवला होता.

भुंगा माझ्या कानात बोलला. मी बटण दाबलं.

कोणतं ते इथे लिहिणार नाही. शपथ म्हणजे शपथ, वहीला सवलत नाही. एवढंच लिहिते – माझं बोट अडखळलं नाही.

बाहेर आल्यावर, "दाबलंस?"

"दाबलं."

"सांगितलं तेच?"

"भुंग्या!"

मग घरापर्यंत माझं कोपर धरून गुणगुणत चालला होता.

१९ मार्च, मंगळवार

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. सुखरूप. काळा चष्मा लावून बसलाय, अगदी मंत्र्यासारखा दिसतो. त्याला सांगितलं नाही, उगाच फुगायचा.

सकाळी आत्याला फूल मी पाठवलं. टिंग वाजलं.

२० मार्च, बुधवार

निकाल. किटली आली. अगदी थोडक्यात, काठावर.

बंदी उठली. दोघंही समोरासमोर बसलो, आधी कोण सुरुवात करतंय म्हणून. शेवटी तो म्हणाला, "अभिनंदन." मी म्हटलं, "चहा घेणार?"

भावजय हात कमरेवर ठेवून बघत होती. "एवढंच? मग मी उगाच मांजरांकडे जायची धमकी दिली!"

६ एप्रिल, शनिवार

भुंग्याच्या डोळ्याची पट्टी, थेंब, सगळं रांगेला लागलं. दिवसभर लहान मुलासारखं चाललंय – "ताई, बेकरीची पाटी लाल आहे!" "ताई, तुझ्या केसांत काळा एकही नाही!" दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

संध्याकाळी, "ताई, आपली भिंत किती पांढरी आहे गं!"

"पांढरी कुठली? पिवळट आहे."

"पांढरीशुभ्र!"

"पिवळट! एका डोळ्याने बघतोस आणि मला शिकवतोस?"

भावजय भाजी निवडत होती. "पांढरी आहे, वन्सं. गेल्या वर्षी पांढराच रंग दिला."

नवरा-बायकोची युती! मी म्हटलंच तसं. भावजय हसली. भुंगा नाही हसला. नव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला.

"सोमवारी दुकान उघडायच्या आधी जरा स्टुलावर बस."

नाटकं!

८ एप्रिल, सोमवार

बसले. भुंगा पट्टी घेऊन तक्त्याजवळ. चौथी ओळ.

"ट, क, व, र, ह," मी खडाखडा म्हटलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सकाळी मी बाबांचा तक्ता परत लावलाय."

दिवा. शाई. भिंत. सगळं एकदम आठवलं. आणि शाळेच्या खोलीतला तो आडोसा.

"भुंग्या – त्या दिवशी मी नक्की कोणतं बटण दाबलं रे?"

त्याने पट्टी खाली ठेवली. बराच वेळ गुणगुणला. मग म्हणाला, "मत गुप्त ठेवायची शपथ घेतलीस ना? मग माझ्यापासूनही ठेव."

आज ताब्यात दिलं ते – भुंग्याकडे: पट्टी, तपासणीची फ्रेम, काचांची पेटी, तक्त्याजवळची माझी जागा, माझ्याही डोळ्यांची शस्त्रक्रिया होईपर्यंत. भावजयीकडे: त्याचा फोन आणि माझा, दोन्ही. सकाळचं फूल आता ती पाठवेल.