तिसरा पूल

बुदाई, ४ मार्च १९९१

चि. अ-डिंग यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीतलं पत्र परवा हाती आलं. गळ लागून झालेली जखम भरून आली हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक आहे. कालवं यंदा चांगली भरलीत. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती हसताना तोंडावर हात धरते. थोरल्या काकांचे गुडघे तसेच आहेत आणि तोंडही तसंच आहे. बाबांना जरा खोकला होता, म्हणून त्यांना शहरातल्या इस्पितळात दाखवलंय.

एवढं लिहून मी उठले आणि सगळी भांडी घासून आले. तुझ्याशी खोटं बोलणं मला लहानपणीही जमलं नाही. तेव्हा ऐक. दाखवलं नाही, ठेवलंय. आज आठवा दिवस. अंगात ताप असताना ते तीन दिवस कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कालवं काढत होते आणि मला म्हणत होते की ऊन लागलंय. फेब्रुवारीत कसलं ऊन? दोन्ही फुप्फुसं भरलीत. गुरुवारी घशातून नळी घातली. आता यंत्र श्वास देतं आणि बाबांची छाती वरखाली होते. झोपेचं औषध देऊन निजवून ठेवलंय. आपण बोललेलं त्यांना कळतं का, असं मी रोज विचारते. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.

दिवसातून तीन वेळा अर्धा अर्धा तास आत सोडतात, तेही दोघांनाच. हिरवा गाऊन चढवायचा, हात धुवायचे, आत जायचं. बाकीचा दिवस बाहेरच्या खुर्च्यांवर. तिथे लाई आजी म्हणून एक बाई आहेत, त्यांचा नवरा बाबांच्या पलीकडच्या खाटेवर. त्या महिनाभर तिथेच आहेत, त्यामुळे कुठली नर्स खरं सांगते आणि कुठली नुसती हसते, हे त्यांना पाठ झालंय. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून उभीच होते, तर त्यांनी मला दंडाला धरून बसवलं आणि गरम भाताची पेज पाजली. खायचं नाही ठरवलंस तर तूच आत जाशील आणि तुझ्यासाठी इथे बसायला कोणी नाही, असं म्हणाल्या.

एक गंमत सांगते. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला एक चिमटा लावतात. बाबांच्या एकाही बोटाला तो लागू पडेना. चाळीस वर्षं कालवं फोडून कातडी इतकी जाड झालीय की आतलं यंत्राला दिसतच नाही. को नावाची नर्स दहाही बोटं करून दमली, शेवटी तिने तो कानाला लावला. ही बोटं आहेत की लाकडं, असं ती म्हणाली. मी हसले. मग संडासात जाऊन रडले.

तुमच्या मासेमारी कंपनीचा माणूस म्हणाला की बोटीवर वायरलेसने निरोप देता येईल. मी नको म्हटलं. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टच्या आत तुमची बोट वळणार नाही, मग तिथे भर समुद्रात तू काय करणार? हे पत्र रसद नेणाऱ्या जहाजातून येईल. तोवर ते बरे होऊन मला शिव्या देत असतील.

तुझी ताई,
युए-शिया


बुदाई, १० मार्च

चि. अ-डिंग,

पहिलं पत्र अजून कंपनीच्या कचेरीतच पडलंय, जहाज एप्रिलमध्ये सुटणार. तरी दुसरं लिहायला बसले, कारण हे सगळं बोलायला घरात कोणी नाही. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, काका ठरवतील.

मंगळवारी ताप उतरला. बुधवारी डॉक्टर म्हणाले की यंत्र थोडं कमी करून बघू. मी येताना मुलांसाठी पाव घेतले, बसमध्ये चक्क झोपले. गुरुवारी सकाळी गेले तर ताप पुन्हा चढलेला, लघवी कमी झालेली, यंत्र पहिल्यापेक्षा जास्त. शुक्रवारी थोडं बरं. शनिवारी वाईट. आता मला बरं म्हटलं तरी धडकी भरते.

काका रोज संध्याकाळी येतात आणि आत न जाता मलाच विचारतात, आणखी किती दिवस? ते वाईट माणूस नाहीत. आईच्या वेळचं ते विसरलेले नाहीत, एवढंच. तू तेव्हाही समुद्रावर होतास. आई इस्पितळातच वारली. घराबाहेर मेलेल्याला उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, म्हणून आपल्याच दारासमोर, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच्या मांडवात तिला अकरा दिवस ठेवलं. पाऊस होता. ट्रक गेला की चिखल उडायचा आणि बाबा फडकं घेऊन शवपेटी पुसायचे. तेव्हाच त्यांनी मला शपथ घातली होती की मला बाहेर मरू देऊ नका, एक श्वास शिल्लक असताना घरी न्या, माझ्या देवांसमोर न्या. मी हो म्हटलं होतं. अ-डिंग, हो म्हणताना मला वाटलं होतं की असा श्वास ओळखता येतो. तो ओळखायचा कसा, हे मला कोणी सांगेल का?

लवकर नेलं तर मी त्यांना मारलं. उशीर केला तर ते मांडवात. रोज त्यांच्या खाटेपाशी उभी राहून मी एवढाच विचार करते, आणि ते समोर झोपलेले असतात.

आज दुपारी लाई आजींचा नवरा गेला. कालच त्यांच्या मुलांनी गाडी बोलावली होती, पण त्याचा ताप उतरला म्हणून आजींनी ती परत पाठवली. निघताना त्या माझ्यापाशी आल्या. रडत नव्हत्या. “पोरी, एक दिवस बरा गेला आणि मी फसले,” असं म्हणाल्या. थर्मास माझ्याकडेच ठेवून गेल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि काकांना बोलावलं. मूत्रपिंडंही साथ देत नाहीत, दोन-तीन दिवस फार तर, घरी न्यायचं असेल तर आत्ता ठरवा, असं सांगितलं. काका म्हणाले, मुलगा इथे नाही, मी थोरला आहे, उद्या नेऊ. कागदावर मात्र सही माझी लागत होती. लग्न झालेल्या मुलीला घरात मत नसतं असं काका नेहमी म्हणतात. सहीपुरतं असतं वाटतं.

मी सही केली.

ताई


बुदाई, १३ मार्च

चि. अ-डिंग,

बाबा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

सोमवारी दुपारी त्यांना गाडीतून आणलं. को नर्स सोबत होती, ती सगळा वेळ हाताने रबरी फुगा दाबून श्वास देत होती. मी शेजारी बसले. काका पुढे, ड्रायव्हरपाशी. रीतीप्रमाणे प्रत्येक पुलावर आणि वळणावर मी त्यांना सांगत होते, बाबा, पूल आला, बाबा, आता डावीकडे. म्हणजे जीव वाटेत चुकत नाही. तीन पूल लागले. वाटेत विशेष काही घडलं नाही.

घरी माजघर रिकामं करून फळ्यांची खाट मांडली होती. देवांवर आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांवर लाल कागद लावले होते, त्यांनी हे पाहू नये म्हणून. भावकी भिंतीला लागून उभी. अंत्यविधीचा माणूसही येऊन ओट्यावर बसलेला. मी मोठ्याने म्हटलं, बाबा, घर आलं. को नर्सने नळी काढली, वाकून नमस्कार केला आणि गेली.

सगळे थांबले. बाबांचा श्वास घरघरला, थांबला, पुन्हा सुरू झाला. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. काकी रडायला लागली होती, ती थकून थांबली. तासाभराने लोक खाली बसले. दिवेलागणीला अंत्यविधीचा माणूस म्हणाला की मी जेवून येतो. मी तसूभर हलले नाही. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं की हाच तो.

सकाळी श्वास चालूच होता, आणि आदल्या दिवसापेक्षा सरळ. मग त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग देवांवरच्या लाल कागदाकडे. तिकडे बराच वेळ पाहत होते. बोलता येत नव्हतं. ओठांनी पाणी मागितलं. मी चमच्याने पेजेचं पाणी घातलं, ते गिळलं.

त्याच वेळी शेजारची शिऊ-मेई दुखवट्याच्या पैशांचा लिफाफा घेऊन दारात आली. बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि ती लिफाफ्यासकट पळाली. एरवी मी यावर वर्षभर हसले असते.

मी म्हटलं, यांना परत न्यायचं. काका म्हणाले, मरायला घरी आणलेला माणूस परत नेत नाहीत, आणि वाटेत गेला तर? मांडव पुन्हा दारात घालणार का? आयुष्यात मी काकांपुढे कधी बोलले नाही. तेव्हा मी म्हणाले, “काका, त्यांना तहान लागलीय. मरणाऱ्याला तहान लागत नाही. मी गाडी बोलावते, तुम्हाला अडवायचं तर दारात आडवे पडा.” काका पडले नाहीत. ते खुर्चीत बसले, डोळे पुसत. उभ्या आयुष्यात मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मग तेच उठले आणि देवांवरचा कागद त्यांनी स्वतः काढला.

इस्पितळात परत नेताना मी बाबांना कुठलाच पूल सांगितला नाही. आता ते पुन्हा आयसीयूत आहेत. नाकात प्राणवायूची नळी आहे, घशात नाही. डॉक्टर आमच्याकडे सरळ बघत नव्हते. वयस्कर नर्स म्हणाली की असं कधी कधी होतं.

ताई


बुदाई, २९ मार्च

चि. अ-डिंग,

बाबा साध्या वॉर्डात आले. मूत्रपिंडं ठीक आहेत. आवाज घोगरा झालाय पण शिव्या स्पष्ट ऐकू येतात. जेवणात मासा शिळा असतो अशी तक्रार करतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या शाळामास्तरांना कालवं कशी निवडायची ते शिकवतात. पुढल्या आठवड्यात घरी सोडतील. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत, हिवाळ्यात हे पुन्हा येऊ शकतं, आणि तेव्हा इतकं नशीब नसेल.

ही चारही पत्रं एकाच थैलीतून तुझ्याकडे येतील. तिसरं फाडून पुन्हा लिहावं असं कितीदा मनात आलं. फाडलं नाही. वाटेत विशेष काही घडलं नाही, असं मी त्यात लिहिलंय. मी काय केलं ते तुला त्यावरून दिसू दे.

काल दुपारी मी त्यांची नखं कापत होते. मास्तर झोपले होते. बाबा छताकडे बघत म्हणाले, “मिठागराजवळच्या पुलावर मी तुझा हात दाबला होता. कळलं होतं का तुला?”

मी नखं कापत राहिले. म्हटलं, “नाही बाबा. गाडीला धक्के फार बसत होते.”

अ-डिंग, मला कळलं होतं.

तिसरा पूल होता तो. मी म्हटलं, बाबा, पूल आला, आता घर जवळ आलं. आणि त्या लाकडासारख्या बोटांनी माझी बोटं आवळली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, जोरात. धक्का नव्हता तो. को नर्स फुगा दाबत खिडकीबाहेर बघत होती. काका पुढे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, थांबवा. तोंड उघडलंही होतं. पण गाव दिसायला लागलं होतं, घरी सगळे उभे होते, देवांवर कागद लागले होते. मनात आलं, परत फिरवलं आणि ते रस्त्यातच गेले तर? मग ते मांडवात, आणि तेही माझ्यामुळे. मी हात सोडवून घेतला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. हात सोडवून घेतला आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

नंतर नळी काढताना मी बघत उभी होते. ते जगले ते त्यांच्या स्वतःच्या हट्टाने. मी जगवलं नाही. गावात आता सगळे मला म्हणतात की काय धीराची मुलगी, काकांना भिडली आणि बापाला परत आणलं. काकाही म्हणतात. मी मान खाली घालते, त्यांना ती नम्रता वाटते.

बाबांनी माझं उत्तर ऐकलं. मग म्हणाले, “असं होय. मला वाटलं, कळलं.” मी दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली, तर त्यांनी तो हात पांघरुणात ओढून घेतला. हळूच, रागाने नाही. आणि म्हणाले, “पुढच्या वेळी अ-डिंगला बसू दे माझ्याजवळ.”

काल रात्रीच्या जेवणाला त्यांना उठवून बसवताना मी खांदा पुढे केला. त्यांनी खाटेची दांडी धरली.

बोटीवरचा करार मोडला तर काय होतं ते मला माहीत आहे. तरी मी जहाजाची वाट बघत बसणार नाही. उद्या कंपनीत जाऊन वायरलेसने निरोप देणार आहे, म्हणजे ही पत्रं तुझ्या हाती पडायच्या आत तू वळलेला असशील. निरोपात बाबा बरे आहेत एवढंच असेल, आणि हिवाळ्याच्या आत ये.

मला त्यांच्याजवळ एकटीला ठेवू नकोस.

तुझी,
ताई