पिवळीचं चाक

गुरुवार, ४ नोव्हेंबर १९३७

पुन्हा बंद पडली! पुन्हा कान्ह्याच्या माळावर, पुन्हा त्याच मैलाच्या दगडापुढे.

ह्या गाडीला त्या दगडाचं काय वावडं आहे देव जाणे. कामशेतचा चढ चढते, खिंड उतरते, आणि सपाट माळावर येऊन बसकण मारते. अख्खं कुसगाव तिला पिवळी म्हणतं. पुढे दोघं बसतील एवढीच जागा. मागे झाकण उघडून केलेली एक उघडी बैठक, तीत सासूबाई. छत्री उघडून! दर गुरुवारी वडगावच्या बाजाराला आम्ही असेच जातो – हे कोर्टात उतरतात, आम्ही दोघी भाजी बघतो.

बंद पडली की पुढचं सगळं ठरलेलं. हे वकिलीच्या काळ्या कोटासकट खाली उतरतात. आत वाकून काहीतरी खुटखुट करतात. शेतातल्या दोघातिघांना हाक मारतात आणि ढकलायला लागतात. सासूबाई उतरत नाहीत. "म्या येकदा बसले की वडगावलाच उतरनार." मग पुढे बसून चाक धरायचं कुणी? मी. बाईमाणसाने भर रस्त्यात गाडी ढकलायची का?

ह्यावर सासूबाईंचा कायदाच आहे. "चालती गाडी बाईनं हाकली तर गावात त्वांड दावाया जागा न्हाई. पर बंद गाडीचं चाक धरलं तर काय हुतंय? बैल सुटल्यावर जू आपन धरतोच की." इंजिन सुरू झालं की मी गाडी थांबवायची आणि मुकाट बाजूला सरकायचं.

आज दोन फर्लांग थांबवता आली नाही. (आली असती.)

शनिवार, ६ नोव्हेंबर

सासूबाईंनी आज शोध लावला. हे एकटे कोर्टात जातात तेव्हा पिवळी कधीच बंद पडत नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार – गुणाची. मी बसले की बंद. "तुजा पायगूनच असा, सूनबाई. लगीन झालं तवा आमची म्हस आटलीती."

म्हशीचं मला ठाऊक नाही. पण गाडीचं खरं आहे. मी हिशेब लावून पाहिला – सहा महिन्यांत एकही गुरुवार चुकला नाही. वाईट वाटलं. इंजिनालाही मी नकोशी!

मंगळवार, ९ नोव्हेंबर

लोणावळ्याहून रज्जाक मिस्तरी आला. दोन तास पिवळीच्या खाली नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

"वैनी, म्हातारी झालीया हे खरं. स्टार्टर मेलाय, दार सुतळीनं बांधलंय, तळाला भोक हाय. पर चालती चालती बंद पडावी असं दुखनं हिच्या पोटात न्हाई. आसलं तर माजा धंदा सोडीन."

तळाचं भोक मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात माझी एक चप्पल त्यातून कामशेतला पडली. दुसरी मी अजून ठेवली आहे, का ते माहीत नाही.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

बंद. दगडापुढे.

एक खोड यांची मला मुळीच आवडत नाही. दर खेपेला त्या दगडाच्या अलीकडे यांच्या बुटाची नाडी सुटते. मग एका हाताने चाक आणि दुसरा हात खाली पायाशी! म्हटलं, घरूनच गाठ नीट मारत जा. "मारतो," म्हणाले.

ढकलता ढकलता मागून ओरडून सांगत होते – "क्लच हळू सोड! आता दुसरा टाक! समोर बघ, माझ्याकडे नको!" ढकलणाऱ्या माणसाच्या अंगात एवढा दम येतो कुठून? आज चार फर्लांग गेले. वारा तोंडावर, पदर कानामागे, मागे छत्रीतून सासूबाईंचा आरडाओरडा. मी हसत होते. एकटीच, मोठ्याने! असं मी कधी हसले होते ते आठवत नाही.

कोर्टात यांना उशीर झाला. मुन्सफसाहेब भर इजलासात म्हणाले म्हणे, "वकीलसाहेब, तुमच्या पंचांगात गुरुवार नाही का?" सगळे हसले. हे घरी येऊन कोटाचा चिखल खरवडत बसले होते. मला फार वाईट वाटलं.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू की नको? लिहिते. वही कुणी वाचत नाही.

बंद पडली, यांनी ढकलली, इंजिन सुरू झालं. पाचव्या फर्लांगाला थांबायचं मनात होतं, खरंच होतं. पण तिसरा गिअर इतका अलगद पडला की पायाने ऐकलंच नाही. मागे वळून पाहिलं तर हे रस्त्यात बारीक बारीक होत चाललेले. हात हलवत होते. "थांब" म्हणत असणार.

थेट वडगाव. भरल्या बाजारातून, म्हशींमधून, भोंगा वाजवत कोर्टाच्या दारात! तिथे मात्र सुबक थांबवली.

आत यांच्याच दाव्याचा पुकारा चाललेला. पट्टेवाला बाहेर आला. गाडी वकिलाची, वकील नाही. मी चाकावर दगड होऊन बसलेली. तेव्हा सासूबाई मागच्या बैठकीत उभ्या राहिल्या. छत्री मिटली, आणि कोर्टाच्या खिडकीतून सरळ मुन्सफांनाच म्हणाल्या, "सायेब, गाडी फुडं आलीया, ल्योक मागनं येतुया. तारीख द्या."

दिली! पुढच्या महिन्याची. समोरच्या वकिलाने हरकत घेतली, तर साहेब म्हणाले म्हणे, "बाईंनी अर्ज रीतसर उभं राहून केला आहे."

हे तासाभराने पोचले, चालत.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

यांच्या टाचेला फोड. मी गरम पाण्याची परात पुढे ठेवली. वाटलं, आता बोलतील. यांनी पाय बुडवले. मग विचारलं, "बाजारात म्हशी नव्हत्या का?"

म्हटलं, होत्या.

"मग?"

म्हटलं, भोंगा.

"हं," म्हणाले, आणि पाय पाण्यात हलवत बसले.

रविवार, २१ नोव्हेंबर

सासूबाईंनी निकाल दिला – पिवळी घरातून जाणार. "सून उदळली का गाडी, त्ये मला न्हाई ठावं. पर गाडी बदला." खंडाळ्याच्या शेठजींची मोठी गाडी विकायची आहे. चारी बाजूंनी बंद, मागे पडदे, बटण दाबलं की सुरू. कधी बंद पडत नाही म्हणे. वर ड्रायव्हरही तयार, नूरमहंमद म्हणून. म्हणजे हे पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागे पडद्यात, दोन गाठोडी!

हे दिवसभर पिवळीभोवती फिरत होते. ठेवू म्हणाले, काढू म्हणाले, परत ठेवू म्हणाले. त्यांच्या ऐन उमेदीतली गाडी आहे ही. पण कोर्टापुढे नाक किती वेळा कापून घ्यायचं?

संध्याकाळी तालमीचे उस्ताद भिमाजी सात पैलवान घेऊन दारात हजर. पिवळीला रोज सकाळी घरातून तेच ढकलून सुरू करून देतात. उस्तादांनी फेटा काढून ओसरीवर ठेवला.

"वकीलसायेब, गाडी इकनार आसं ऐकलं. मग आमच्या पोरांनी करायचं काय? जोर-बैठकांनी छाती हुती, मांडी न्हाई हुत. तीन वरीस मांड्या ह्या गाडीनं घडवल्या. गेल्या उरसात कुस्ती मारली ती पिवळीनं मारली."

हे म्हणाले, इंजिनच आता थकलं आहे. उस्ताद म्हणाले, "इंजन ठिवा तुमच्यापाशी. आमाला गाडी पायजे."

बुधवार, २४ नोव्हेंबर

मी पाप करणार आहे.

रज्जाक हवा भरायला आला होता. सहज विचारल्यासारखं विचारलं – चांगली धडधाकट गाडीसुद्धा बंद पडू शकते का हो? त्याने मला पिवळीत वाकायला लावलं आणि चाकाखाली, पायांच्या वर एक पितळी चावी दाखवली. "ही पेट्रूलची चावी. बंद केली की दोनेक फर्लांग उरल्यासुरल्यावर जाती, मग ठप्प. लय गाड्यांना आसती. वैनी, कशापायी इचारता?" म्हटलं, उगीच.

रविवारी शेठजींच्या गाडीची परीक्षा आहे. सगळ्यांदेखत बंद पडली की सासूबाई नाक मुरडतील. पिवळी राहील. चाक राहील. आठवड्यातून एक दिवस, पाच फर्लांग – मी दागिने मागत नाही, साड्या मागत नाही. एवढंच हवं आहे मला! त्यासाठी लबाडी करावी लागली तर करीन.

रविवार, २८ नोव्हेंबर

मला मागे बसवलं. पडद्यात.

पुढे नूरमहंमद, शेजारी हे. चावी पुढे, माझा हात मागे! कान्ह्यापर्यंत जाऊन आलो. दगड आला आणि गेला. मला तो दिसलासुद्धा नाही, पडद्यावर फक्त उजेड हलला. नूरमहंमद अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, पेला भरून पानी ठेवा, सांडनार नाय." सासूबाईंनी खरंच तांब्या धरला होता. सांडला नाही.

"हिला म्हंत्यात गाडी," सासूबाई म्हणाल्या. हे पुढे वाकून सगळं निरखत होते. कुठली कळ कुठे, ते विचारत होते. आवडली असणार.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

घेतली. ठरलं.

मी पिवळीत जाऊन बसले आणि रडले. नंतर तोंड धुवून भाकऱ्या केल्या.

बुधवार, १ डिसेंबर

यांनी ड्रायव्हर नको म्हणून कळवलं. सासूबाई भडकल्या – आयता मिळत होता! हे म्हणाले, "मी चालवीन." कारण विचारलं तर वर्तमानपत्र उघडून बसले.

चला, निदान नूरमहंमदच्या पाठीकडे तरी बघायला नको. यांच्या पाठीकडे बघेन.

शनिवार, ४ डिसेंबर

पिवळी तालमीत गेली. इंजिन काढून रज्जाकने नेलं. पैलवानांनी तिला झेंडूची माळ घातली, बजरंगबलीपुढे नारळ फोडला, आणि गावाला तीन फेऱ्या मारल्या. उस्ताद भिमाजी शीळ घालत पुढे. हलकी झाली म्हणून पोरं कुरकुरत होती, तेव्हा आत जोंधळ्याची दोन पोती टाकली.

चाकावर एक पैलवान बसला होता. वळणावर उगाच जोर लावत होता. तिला दोन बोटं पुरतात रे, मला ओरडावंसं वाटलं.

सोमवार, ६ डिसेंबर

हे नव्या गाडीने कोर्टात जाऊन आले. वेळेच्या आधी अर्धा तास! मुन्सफसाहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं म्हणे.

गुरुवार, ९ डिसेंबर

सकाळी गाडीत चढताना सासूबाई म्हणाल्या, धूळ येते, पडदे सगळे ओढा. हे म्हणाले, "हो आई, पुढच्या-मागच्या बैठकींमधलासुद्धा ओढतो." मला म्हणाले, "दोघी मागे नको, आईला ऐसपैस बसू दे. तू पुढे ये."

मैलाचा दगड दिसला. यांची नाडी सुटली. एक हात चाकावर, दुसरा खाली पायाशी. मी सवयीने खाली पाहिलं.

टाचेचा फोड पुन्हा फुटला, म्हणून आज यांच्या पायात बूट नव्हते. वहाणा होत्या.

हात पितळी चावीवर होता.

दगडापुढे गाडी थांबली. पडद्यामागून सासूबाई – "पुन्यांदा? आगं बया, ह्यो तुजाच पायगून!" हे खाली उतरले, आत वाकून काहीतरी खुटखुट केलं, काळा कोट झटकला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बटण दाबून उपयोग नाही. ढकलावीच लागेल. चाक धरतेस?"

धरलं. आज वडगावपर्यंत थांबवली नाही. आणि हे मागे राहिले नाहीत – दार उघडं ठेवलं होतं, धावत येऊन शेजारी बसले.