पहिली कोनफळं

प्रिय आईस, लोमेहून सेनामचा नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला. नोटरीसाहेब आता कागद माझ्याकडून वाचून घेतात.

परवा आपल्या शेजारचे अग्बेकोकाका दोन साक्षीदार घेऊन ऑफिसात आले. मला बघून हसले. "अगं पोरी, तू इथे? बरं झालं, घरचंच काम आहे." काम म्हणजे बाबांनी त्यांना कसायला दिलेलं आपलं ओढ्याकाठचं शेत त्यांच्या नावावर करायचं.

नंतर साहेबांनी मला 'ताब्यातून मालकी' म्हणजे काय ते समजावलं. परवानगीने कसणारा कधीच मालक होत नाही. पण मालकासारखं उघड कसलं आणि कोणी हरकत घेतली नाही, तर मुदत भरल्यावर जमीन त्याची होते. "परवानगीचा पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "शेत आमचं म्हणून दर सुगीला ते पहिली कोनफळं आमच्या दारात ठेवायचे, गावासमोर."

आई, बाबा गेल्यावर तूच त्यांना म्हणालीस ना, "आता कशाला आणता, आपण काय परके?" तेव्हापासून ती बंदच झाली. यंदा मागून घे, चार म्हाताऱ्यांसमोर.

गुडघा कसा आहे? काकांनी त्या शेतात साग लावल्याचं तू मागे सहज लिहिलं होतंस. उसन्या रानात झाड कोणी लावत नाही, आई. किती उंच झालाय तो?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
सेनाम