दाराआडची चव

व्हेर्नोय, ७ फेब्रुवारी १९६४

ती. स्व. वन्संना सोलांजचा शि. सा. न. वि. वि.

वरवर सगळं ठीक आहे, पण माझी झोप उडालीय. नाताळातल्या सर्दीपासून तुमच्या भावाला वास येत नाही, चव लागत नाही. कबूल मात्र करत नाही. म्हणतो, हाताला सवय आहे. हात रोज चुकतो. मग तो पाठमोरा झाला की मीच सॉस चाखते आणि चिमूटभर मीठ टाकते.

रेस्तराँना तारे देणाऱ्या गाइडचा तपासनीस कधी येईल नेम नाही. नाव सांगत नाही, चारचौघांसारखा जेवतो, बिल भरतो. झुंबरं-पडदे त्याच्या लेखी शून्य. ताटात काय आहे आणि दर खेपेला तसंच आहे का, एवढंच बघतो. कुणी एकटं जेवायला आलं की मी त्याचा सॉस दोनदा चाखते. आपला एकुलता तारा गेला तर अँसेल्म जिवाचं बरंवाईट करून घेईल, वन्सं. काल हसत हसत तसं म्हणालासुद्धा.

माया पातळ होऊ देऊ नका.
सोलांज

नांत, १२ फेब्रुवारी

चि. सौ. सोलांज हिस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, लपवाछपवी करायची तीही माझ्या भावाशी? लहानपणी लोणी कुणी चाटलं ते तो नुसत्या वासावरून सांगायचा! त्याला सांगून टाक. तारा रेस्तराँला मिळतो, एकट्या आचाऱ्याला नव्हे. त्यानं रांधावं, तू चाखावं, त्यात लाज कसली? धाकधूक मलाही आहेच.

उत्तराची वाट बघणारी तुझी नणंद,
ओनोरीन

व्हेर्नोय, ४ मार्च

ती. स्व. वन्संना शि. सा. न.

तारा राहिला! गाव दारात लोटलं होतं. तपासनीस मागेच येऊन गेला. टक्कल पडलेला साधा गृहस्थ. बिल भरून मगच ओळखपत्र दाखवलं. म्हणाला, सॉस गेल्या वर्षीपेक्षा सरस. अँसेल्मनं नुसती मान झुकवली.

मला सांगायचा धीर झाला नाही. काल गाइड हाती आलं आणि तोच म्हणाला, पातेल्याच्या चकचकीत तांब्याच्या झाकणात मीठ टाकणारा तुझा हात मला रोज दिसायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं स्वतःचा एप्रन मला बांधला आणि म्हणाला, तारा तुझा, आता मी मोकळा.

मोकळा म्हणजे काय हो, वन्सं? सकाळपासून तो आपल्या सुऱ्या पुसून एकेक करून हाताखालच्या आचाऱ्यांना वाटतोय. कुणाला हात लावू न देणारा माणूस! मला फार भीती वाटते. या.

तुमची,
सोलांज

तार, नांत, ६ मार्च

दुपारच्या गाडीनं निघाले. त्याला सांग, ताईला त्याच्याच हातचं जेवायचंय, अळणी असलं तरी. तोवर त्याला नजरेआड करू नकोस. ओनोरीन