टर्कीच्या खुराड्याची जाळी मी तोडली

मी, खाली सही करणार, वय वर्षे बावीस, धंदा कोंबड्या व टर्की पाळणे, शिक्षण पशुवैद्यकीय पदविकेचे एक वर्ष आणि दुसऱ्या वर्षाचे तीन महिने, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. काका म्हणतात, ते कधीच नव्हते. अंगात एकशे दोन ताप आहे, पण तो डोक्यात गेलेला नाही. सकाळी सत्तावीसचा पाढा म्हणून पाहिला, बरोबर आला. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला जवळ कुणी येतच नाही, मी येऊ देत नाही. खाद्याच्या खोलीत आतून कडी लावून बसलो आहे. आई ताट दाराबाहेर ठेवते आणि "जेव रे" म्हणून तिथेच उभी राहते. मी ओरडतो तेव्हा जाते.

मला मरणाची भीती वाटते. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शूर समजू नये.

कलम एक. घराचा जो अर्धा हिस्सा वडिलांच्या मागे माझ्या नावावर आला, तो आईला. उरलेला काकांचा आहेच. काकांनी यापुढे आईला रेडिओ बारीक करायला लावू नये. सात वर्षं लावला, पुरे झालं.

कलम दोन. मोटारसायकल काकांना. ते तिला भंगार म्हणतात आणि मी नसलो की चालवतात. आरसा कुणाच्या उंचीला फिरवलेला असतो ते मला कळतं. ब्रेक पुढचाच लागतो, जपून.

कलम तीन. कॉलेजची पुस्तकं कॉलेजला परत. पक्ष्यांच्या रोगांचा धडा कोराच आहे. तो सुरू होण्याआधी मी सरांशी भांडून बाहेर पडलो. खरं कारण सरही नव्हते. उबवणी केंद्राच्या मालकांची धाकटी मुलगी तेव्हा गल्ल्यावर बसायला लागली होती आणि मला तासाला बसवत नव्हतं. ह्या कागदात तिला मी 'ती' म्हणेन. आईला मी आई म्हणतो, आणि तिसरी कुणी नाही, त्यामुळे कायद्यात घोटाळा होणार नाही.

कलम चार, म्हणजे पक्षी. हे सविस्तर लिहावं लागेल.

तिने मला टर्कीची चौदा अंडी दिली. "उबवून दाखव, मग बघू," म्हणाली. मग काय बघू, ते मी विचारलं नाही. मी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. काका म्हणाले, "एकवीस दिवस झाले की उठेल ती, तिला काय माहीत तुझं प्रेम!" टर्कीच्या अंड्याला अठ्ठावीस लागतात; कोंबडी अठ्ठावीस दिवस बसली. अकरा पिलं निघाली आणि तिच्याच मागे हिंडली. पिलं तिच्या दुप्पट झाली तरी तिच्या पंखाखाली डोकी खुपसायची.

मग पिवळी जर्द विष्ठा करून दोन टर्की मेल्या. गुरांच्या डॉक्टरांनी एक फाडून दाखवली. यकृतावर गोल डाग होते. म्हणाले, "हा रोग कोंबडी पोटात बाळगते आणि मजेत हिंडते. टर्कीचा जीव जातो. मातीतून जातो, गांडुळातून जातो, तुझ्या बुटातून जातो. दोघांना एका खुराड्यात ठेवायचंच नाही." मी मनात म्हटलं, आमचं दोघांचंही असंच आहे, तिला काही होत नाही आणि मी मरतोय. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर तो हा रोग नव्हे. हात लावायचा नाही. आधी मला फोन."

काकांनी दोन दिवस खपून मधे जाळी ठोकली. बूट वेगळे, खोरं वेगळं, पाण्याची भांडी वेगळी. पंधरा दिवस चाललं. मग एका सकाळी मी उबवणी केंद्रावर निघालो, तेव्हा ते जाळीला तार आवळत म्हणाले, "पक्षी वेगळे राहायला शिकले, तू कधी शिकणार?" माझं डोकं फिरलं. पक्कड त्यांच्याच हातातून घेतली आणि जाळी वरपासून खालपर्यंत कापली. काकांनी खाली पडलेले तारेचे तुकडे वेचले, कोंबड्यांनी गिळू नयेत म्हणून. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गेल्या मंगळवार-बुधवारी नऊ कोंबड्या मेल्या. तुरे जांभळे, डोकी सुजलेली. मी फोन केला नाही. केला असता तर सगळेच पक्षी मारायला लावले असते, तिने दिलेल्या टर्कीसुद्धा. मी त्या पाण्याच्या टाकीमागे पुरल्या. हातभरच खोल. दोन हात खणायला हवं होतं, मला दम लागला.

गुरुवारी ती आली. टर्कीतला मोठा नर मान टाकून बसला होता. तिने त्याला मांडीवर घेतला, चोच उघडली, नुसत्या हाताने पाणी पाजलं. "अरे, किती तापलाय हा! बाकी सगळे ठीक आहेत ना?" मी म्हणालो, "एकदम ठीक." टाकी दहा पावलांवर होती.

शुक्रवारी तो नर मेला. शनिवारी मला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पावसात भिजलास का?" मी हो म्हणालो.

तेव्हा माझ्या पश्चात बत्तीस कोंबड्या व आठ टर्की, खुराडं, भांडी यांसह तिला मिळाव्यात, आणि तिने

इथे थांबलो होतो. खिडकीबाहेरून सही करायला ये म्हणून काल सकाळी तिला फोन केला होता. आत्ता तिचा दादा फाटकाशी आला. मी खिडकीतून ओरडलो, "आत येऊ नका!" तो म्हणाला, "येत नाही बाबा. तिने निरोप दिलाय, साक्षीदार म्हणून सही करायला तिला जमणार नाही. काल संध्याकाळपासून फणफणली आहे. खोकतेय. साधा ताप आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

साधा ताप. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून कलम चार रद्द. पक्षी कुणालाच नाहीत. गुरांचे डॉक्टर सांगतील ते पक्ष्यांचं करावं. आईने माझी ताटं उचलू नयेत. काकांनी टाकीमागे जाऊ नये. आणि हा कागद माझ्या मरणाची वाट न बघता आत्ता, ह्या घटकेला वाचावा. मी तो खिडकीच्या काचेला आतून लावून धरतो आहे. तिला आणि मला पक्ष्यांपासून लागलंय असं समजूनच औषध द्यावं, घशातलं तपासायला पाठवावं. दोघांत आधी तिला.

ठिकाण: खाद्याची खोली. मंगळवार, सकाळचे अकरा, तापाचा चौथा दिवस.

सही: लिहून देणार.

साक्षीदार पहिला: काका. काचेपलीकडून वाचलं. सही बाहेर वेगळ्या कागदावर केली आहे. गुरांच्या डॉक्टरांना फोन तेच लावत आहेत. दोनदा चुकीचा लागला.

साक्षीदार दुसरा: तिचा दादा. कागदाचा फोटो काढून दवाखान्याकडे पळाला, सहीला थांबला नाही. एका साक्षीदारावर मृत्युपत्र होत नाही, हे मला माहीत आहे. त्याला परत बोलावू नये.